पाटणचा पेंग्विन

दिवाळीत आमच्या पाटणला तीन गोष्टी हटकून येतात. परतीच्या पावसाची एखादी चुकार सर, शेजारून फराळाचं ताट आणि पुण्याहून भाचा. सर ओसरते, ताट आपण भरून परत धाडतो. भाचा मात्र दर वर्षी घरात काहीतरी बसवून जातो. मागे एकदा त्यानं टीव्हीला एक काळी डबी बसवली. तेव्हापासून बातम्या लावायला तीन रिमोट आणि शेजारचा सातवीतला मुलगा लागतो. २०२५ च्या दिवाळीत त्याची नजर माझ्या लॅपटॉपवर पडली.

लॅपटॉप २०१५ सालचा, मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेला. ती नोकरीला लागली, तिनं स्वतःचा नवा घेतला आणि हा माझ्याकडं आला. इस्टेट बापाकडून लेकीकडं जाते, इथं फेरफार उलटा झाला. सुरू व्हायला तो इतका वेळ घ्यायचा की बटण दाबून मी चहा टाकायचो, प्यायचो, कप विसळून ठेवायचो, आणि तरी पडद्यावरचं ते गोल चक्र फिरतच असायचं.

“मामा, तुमचं विंडोज दहा गेलं,” भाचा म्हणाला.

“कधी?”

“चौदा ऑक्टोबरला.”

त्याचा चेहरा असा होता की आपल्याला सुतक किती दिवसांचं, हेच मी आधी मोजायला घेतलं. मग कळलं, की १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्या आवृत्तीच्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या. पुढच्या विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सोय आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. माझ्या लॅपटॉपकडं दोन्ही नाही. थोडक्यात, लाभार्थ्यांच्या यादीत तो अपात्र निघाला. असल्या याद्या मी आयुष्यभर पाहत आलोय. त्यात आपलं नाव का नाही, हे सांगणारा माणूस त्या दिवशी नेमका रजेवर असतो.

“मग काय, भंगारात द्यायचा?”

“छे हो. झारा टाकू.”

स्वयंपाकघरातून तत्काळ आवाज आला, “माझ्या झाऱ्याला हात लावायचा नाही! अजून बुंदी पाडायची आहे.”

मग भाच्यानं मामा-मामीला एकत्र बसवून समजावलं. लिनक्स ही एक कार्यप्रणाली. तिच्यावर आधारलेले प्रकार शेकड्यांनी आहेत. त्यांतला एक ‘लिनक्स मिंट’. या मिंटवाल्यांची पद्धत अशी की २००६ च्या पहिल्या आवृत्तीपासून प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव द्यायचं, आणि ते इंग्रजीत ‘ए’नं संपणारं हवं. पहिली एडा. मग अशा करत करत विल्मा. सप्टेंबर २०२५ मध्ये २२.२ ही आवृत्ती निघाली, तिचं नाव झारा. २०२९ पर्यंत तिला दुरुस्त्या मिळणार.

“फुकट?” मी विचारलं.

“फुकट.”

“आणि चालवतं कोण?”

“सगळेच.”

सगळ्यांनी मिळून चालवलेल्या गोष्टींचा आमच्या तालुक्यातला अनुभव फार वेगळा असल्यामुळं मी गप्प बसलो.

मूळ कथा त्यानं बुंदी खाता खाता सांगितली. ऑगस्ट १९९१ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं जाहीर केलं, की मी छंद म्हणून एक कार्यप्रणाली लिहितोय, फार मोठी होणार नाही. आज जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांपैकी प्रत्येक लिनक्सवर चालतो, २०१७ पासून त्या यादीत दुसरं कुणी नाही. ‘जागा थोडीच आहे, दोन खोल्या बांधतोय’ म्हणणारा शेजारी आणि हा टोरवाल्ड्स एकाच जातीचे. या लिनक्सचं चिन्ह पेंग्विन. कॅनबेराच्या प्राणिसंग्रहालयात एका चिमुकल्या पेंग्विननं आपल्याला चोच मारली, तेव्हापासून हा पक्षी मनात बसला, असं टोरवाल्ड्स सांगतो. चावलेल्या प्राण्याला घराण्याचं चिन्ह करायचं ठरवलं, तर माझ्या दारावर एसटी स्टँडवरचं कुत्रं काढावं लागेल.

वीस मिनिटांत झारा लॅपटॉपात गेली. बटण दाबलं आणि मी चहा टाकायला उठेपर्यंत पडदा तयार. मी भाच्याच्या पाठीवर थाप मारली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो पुण्याला निघाला. गाडी मल्हारपेठ ओलांडून उंब्रजला पोचायच्या आत माझं वाय-फाय गेलं.

तसं गेलं नव्हतं. भाचा लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात मामीशी गप्पा मारत बसला होता, आणि आमचा राउटर फ्रिजवर असतो. तिथं रेंज पूर्ण. मी नेहमीसारखा सोप्यात येऊन बसलो, तर रेंज शून्य. फोनला सोप्यात रेंज आहे, शेजारच्या पोराच्या टॅबला त्याच्या घरात बसून आमची रेंज आहे. माझ्या लॅपटॉपला मात्र फ्रिजपासून तीन फुटांच्या पुढं ऐकूच येत नाही. वयोमानानं येणारं हे बहिरेपण मी ओळखतो, पण ते झाराच्या पायगुणानं एका रात्रीत कसं आलं?

पुढचे आठ दिवस मी स्वयंपाकघरात काढले. सौभाग्यवती म्हणाली, “तीस वर्षांत इकडं फिरकला नाहीत, आता हलत नाही. बसलाच आहात तर लसूण सोला.” मी लसूण सोलत तक्रार केली, की यात फारच त्रुटी आहेत. ती म्हणाली, “झारा म्हटल्यावर भोकं असायचीच.”

गावातला इलाज करून पाहावा म्हणून मोबाइल-लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं पेंग्विन पाहिला आणि लॅपटॉप मिटून माझ्या हातात दिला. “लिनक्स? आवो काका, ते आपुन करत न्हाय.” त्याच्या मागं भिंतभर मोबाइल टांगलेले होते. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच गाभा असतो, हे भाच्यानं मला सांगितलं होतं. म्हणजे हा गृहस्थ सकाळी शटर वर केल्यापासून रात्री खाली ओढेपर्यंत लिनक्सशिवाय दुसरं काहीही करत नाही. मी त्याला ते सांगितलं नाही. एखाद्याचा धंदा नीट चाललेला असताना त्याला त्याचं खरं स्वरूप दाखवू नये.

शेवटी भाच्याला फोन लावला.

“मामा, टर्मिनल उघडा.”

काळी खिडकी उघडली. तिच्यात लिहायची पहिली आज्ञा ‘सुडो’पासून सुरू होते. सुडो म्हणजे ‘मी घरचा कर्ता म्हणून सांगतोय, ऐक.’ त्यावर लिनक्स पासवर्ड मागतो, म्हणजे कर्ता असल्याचा पुरावा. मी तो टाकला आणि त्यानं निमूट ऐकलं. घरात हा पुरावा मला आजवर एकदाही सादर करता आलेला नव्हता. वाय-फाय नसलं तरी या एका शब्दासाठी आपण लिनक्स सोडायचा नाही, असं मी तिथंच ठरवलं.

मग भाच्यानं लॅपटॉपची रोजनिशी काढायला लावली. सुरू झाल्यापासून आत काय काय घडलं, त्याची ती नोंदवही. शेकडो ओळी, त्यांतल्या कित्येक तांबड्या. ‘एरर’, ‘फेल्ड’, ‘वॉर्निंग’. पलीकडून भाचा धीर द्यायला लागला, “घाबरू नका हं मामा.” मी म्हटलं, अरे, मी कोयनेच्या खोऱ्यातला माणूस. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप काय होता, ते इथल्या घराघरात अजून दबक्या आवाजात सांगतात. त्यानंतर आजतागायत इथली जमीन अधूनमधून हलतेच. मांडणीवरची भांडी वाजतात, कुत्री भुंकतात, आणि पाटणकर कूस बदलत म्हणतो, “तीनचा असंल, झोप.” कोणता धक्का अंगणात पळायचा आणि कोणता पांघरुणात ऐकायचा, हे आम्हांला कुणी शिकवावं लागत नाही. त्या तांबड्या ओळी मी वरून खाली पाहिल्या आणि निकाल दिला, “सगळे तीनचे आहेत.” भाचा चकित झाला, कारण ते खरं होतं. लिनक्समधल्या खऱ्या भूकंपाला ‘कर्नल पॅनिक’ म्हणतात. तो आला की सगळं जागच्या जागी थिजतं.

रोजनिशीतून वाय-फायच्या चिपचं नाव कळलं. रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. “मामा, सापडलं! लॅपटॉपला अँटेनाच्या दोन जागा आहेत. कंपनीनं वायर एकाच जागेला जोडली आहे. चिप चालवणारा ड्रायव्हर दुसऱ्या जागेला कान लावून बसलाय.”

मी सुन्न झालो. दहा वर्षं या लॅपटॉपच्या पोटात हा प्रकार चालू होता. विंडोजच्या ड्रायव्हरला खरी जागा कंपनीनं कानात सांगून ठेवली असावी, लिनक्सला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यामुळं बिचारा रिकाम्या खुंटीला कान लावून बसला होता.

“आता एका फाइलमध्ये एवढंच लिहायचं. अँट-सेल बरोबर दोन.”

“अँट म्हणजे मुंगी ना रे?”

“मुंगी नाही हो मामा, अँटेना! अँटेना सिलेक्शन. दोन नंबरचा.”

पण माझ्या डोक्यात मुंगीच शिरली होती, आणि त्याला कारण होतं. १९८७ साली दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’ लागायचं. आमच्या गल्लीत एकच टीव्ही. पाटण चहूबाजूंनी डोंगरांत बसलेलं, त्यामुळं कौलांवर चढून अँटेना फिरवणं हे माझं धर्मकार्य. मी वर दांडा धरून उभा, खाली दारात शेजारचे आबा, आत सगळी गल्ली. मी ओरडायचो, “आलं का?” आबा आत विचारून ओरडायचे, “न्हाय! मुंग्याच हायत!” टीव्हीच्या पडद्यावर चित्राऐवजी चरचरणाऱ्या पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांना अख्खा महाराष्ट्र मुंग्या म्हणायचा. आणखी थोडं फिरवलं की आतून एकदम गलका उठायचा आणि आबा हात वर करायचे. मग मी ऐन उन्हात तसाच पुतळा. कारण दांडा सोडला की राम जायचा आणि मुंग्या यायच्या. मी ‘रामायण’ पाहिलेलंच नाही. मी ते गल्लीला दाखवलंय.

अडतीस वर्षांनी मी पुन्हा अँटेना फिरवत होतो. फक्त या वेळी कौलांवर न चढता. अँट-सेल बरोबर दोन. लॅपटॉप बंद करून चालू केला, काखेत मारला, स्वयंपाकघरातून माजघरात, माजघरातून सोप्यात, सोप्यातून अंगणात. रेंज पूर्ण. मी अंगणातून ओरडलो, “आलं!” आतून सौभाग्यवती म्हणाली, “कोण आलं?”

आनंद ओसरल्यावर मनात आलं, की ही दोनची किल्ली तिथं ठेवली कुणी? भाच्याला विचारलं. त्यानं जे सांगितलं, त्यामुळं मला हा लेख लिहावा लागला.

लॅरी फिंगर नावाचे एक अमेरिकन गृहस्थ होते. पेशानं खनिजशास्त्रज्ञ. दगडातल्या स्फटिकांमध्ये अणू कसे मांडलेले असतात, हे शोधण्यात आयुष्य गेलं. ‘फिंगराइट’ नावाचं एक खनिज त्यांच्या नावानं ओळखलं जातं. एवढं झाल्यावर माणूस निवृत्तीत बाग करतो, नाही तर सोसायटीचा सेक्रेटरी होतो. हे लिनक्ससाठी वाय-फायचे ड्रायव्हर लिहीत बसले, वर्षानुवर्षं, स्वयंसेवक म्हणून. २०१६ साली त्यांच्या ध्यानात आलं, की बरेच नवे लॅपटॉप एकाच अँटेनानिशी विकले जाताहेत आणि चिपमध्ये नोंद भलत्याच जागेची आहे. त्यांनी ड्रायव्हरमध्ये ती निवडीची सोय घातली. जून २०२४ मध्ये ते वारले. माझ्या लॅपटॉपाचं वाय-फाय त्यांच्यामागे दीड वर्षानं पाटणच्या सोप्यात लागलं.

या फिंगरवरून दुसरं एक बोट आठवलं. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात बोलताना टोरवाल्ड्सनं एका बड्या ग्राफिक्स-चिप कंपनीला भर सभेत, कॅमेऱ्यासमोर बोट दाखवलं. कोणतं बोट, ते इथं लिहीत नाही, घरातली मंडळी वाचतात. राग असा, की कंपन्या चिप विकतात, पण ती कशी चालते हे सांगत नाहीत. शेजाऱ्यानं पाभर द्यावी आणि फणांत अंतर किती ते मात्र सांगू नये, तुम्ही पेरून मोजा, अशातला प्रकार. त्याच कंपनीनं २०२२ मध्ये आपल्या ड्रायव्हरचा गाभ्यातला भाग खुला केला. बोट दाखवल्याला दहा वर्षं झाली होती. एकानं बोट दाखवलं आणि एका फिंगरनं माझं बोट धरून मला सोप्यापर्यंत आणून सोडलं. लिनक्सचा गाडा या दोन्ही बोटांवर चालतो, असं माझं मत झालंय.

वाय-फाय झालं, पण संसार एवढ्यावर भागत नाही. पुढं प्रिंटर. आमचा प्रिंटर स्वस्तातला आणि स्वभावानं विसराळू. त्याच्याजवळ स्वतःची अक्कल साठवायला जागा नाही. चालू केला की दर वेळी संगणकानं त्याला ‘तू प्रिंटर आहेस’ हे नव्यानं सांगायचं. या अकलेला फर्मवेअर म्हणतात, आणि ती कंपनीकडून वेगळी उतरवून घ्यावी लागते. बंद केला की पुन्हा कोरी पाटी. आता आमच्याच तालुक्यात कोयना धरण, १०५ टीएमसी पाणी, त्या पाण्यावर सगळ्या टप्प्यांची मिळून १,९६० मेगावॉट वीज, आणि वर वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग. एवढं सगळं अंगाखांद्यावर घेऊन पाटणमध्ये दुपारी लाइट जाते ती जातेच. त्यामुळं आमच्या प्रिंटरला दिवसातून तीन वेळा आपण कोण याचा विसर पडतो. आता लिनक्सनं ती ओळख करून द्यायचं काम स्वतःच्या अंगावर घेतलंय. लाइट आली की तो न कंटाळता प्रिंटरला त्याचं नाव-गाव सांगतो. वृद्धाश्रमातल्या नर्सच्या अंगी असते तसली माया त्याच्यात आहे.

मग मराठी. इन्स्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये आधीच होता. ‘लोहित’ हा देवनागरी फॉन्टही. लोहित म्हणजे तांबडा, आणि तो खुला करणाऱ्या कंपनीचं नाव रेड हॅट, म्हणजे तांबडी टोपी. कुणीतरी संस्कृत येणारा माणूस त्या टोपीखाली असणार. मूळ अक्षरं मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीची, म्हणजे ती पुण्याहूनच निघालेली. पेंग्विन फिनलंडचा असला तरी बोलायला पुण्यात शिकला, असं म्हणायला हरकत नाही. मात्र शुद्धलेखन त्याचं माझ्यापेक्षा कडक निघालं. एक निवेदन टाइप करताना मी लिहिलं, ‘आमचा तालुका डोंगरदऱ्यांचा असल्याने’, आणि पडद्यावर उमटलं ‘डोंगरदर्यांचा’. दर्या म्हणजे समुद्र. कोयनेच्या जलाशयाला आम्ही शिवसागर म्हणतो हे खरं, पण म्हणून तालुक्याला दर्या लावून घेतला तर उद्या कुणीतरी मच्छीमारांची योजना आणायचा. इन्स्क्रिप्टवर साधा ‘र’ जे या कळीवर, आणि दऱ्यांमधला डोक्यावर न चढणारा ‘ऱ’ शिफ्ट धरून जे वर. तो टाकायचा, मग हलन्त, मग ‘य’. आता मी शिफ्ट विसरत नाही. दरीत राहणाऱ्या माणसानं ती लिहिताना तरी चुकू नये.

आता महिना झालाय. लॅपटॉप उत्तम चालतो. बॅटरीची मूळ ताकद तेवीस टक्के उरली आहे, असं लिनक्स स्पष्ट सांगतो, आडपडदा नाही. झाकण मिटलं की तो झोपतो आणि दहातल्या नऊ वेळा उठतो. माझंही प्रमाण साधारण तेवढंच आहे.

शेजारच्या आबांना हे सगळं समजावून सांगितलं. कोण तो फिनलंडचा पोरगा, कोण ते अमेरिकेतले म्हातारबा. लिनक्सच्या गाभ्याची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी निघते आणि प्रत्येकीत हजारांनी माणसांचा हात असतो. काहींना त्यांच्या कंपन्या पगार देतात, काही नुसतेच हौशी. आबांनी तंबाखू मळता मळता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजी इर्जिक की रं.”

मी तोंडात बोट घातलं. महिनाभर भाचा मला ओपन सोर्स, ओपन सोर्स म्हणून जे सांगत होता, ते आबांनी एका शब्दात बांधून दिलं. एखाद्याचं औत अडलं, घरात आजारपण आलं, की भावकीतले आणि गावातले आपापली बैलं घेऊन त्याच्या रानात उतरायचे. दिवसभरात अख्खं रान नांगरून व्हायचं. मजुरी नाही. संध्याकाळी पोटभर जेवण आणि दुसऱ्याचं अडेल तेव्हा आपण आपली बैलं काढायची. एवढाच करार, आणि त्याला स्टॅम्प पेपर लागत नव्हता. आमच्याकडं बैलं गेली, ट्रॅक्टर आले आणि इर्जिक फक्त बोलण्यात उरली. ती तिकडं संगणकात जाऊन राहिली होती, हे आम्हांला ठाऊक नव्हतं.

“पर त्या म्हाताऱ्याची फेड कशी करायची?” आबांनी विचारलं. “त्यो तर गेला.”

प्रश्न बरोबर होता. त्यावर आम्ही दोघांनी मिळून असं ठरवलं, की ज्यानं आपल्या रानात औत घातलं त्याच्याच रानात फेडावं, असा इर्जिकीत नियम नसतो. पुढच्या अडलेल्याचं करायचं. गेल्या पंधरवड्यात मी तीन लॅपटॉप केले. एक गल्लीतल्या निवृत्त गुरुजींचा, एक पिठाच्या गिरणीवाल्याचा आणि तिसरा त्या दुकानदाराचा. त्यानं “काका, कुणाला सांगू नका” म्हणून रात्री घरी आणून दिला होता, म्हणून मी तो कुणाचा ते सांगत नाही.

तेव्हा पाटण परिसरात कुणाकडं असा यादीत अपात्र ठरलेला लॅपटॉप असेल, तर भंगारवाल्याच्या आधी मला हाक मारा. पेन ड्राइव्ह माझा, सुडो माझं. जेवण मात्र तुमच्याकडं, इर्जिकीचा रिवाज आहे तो. आणि राउटर स्वयंपाकघरात असेल, तर थोडा लसूणही काढून ठेवा. सोलायला वेळ लागत नाही, आता हात बसलाय.